हलका डेंगा

ओहोटीला खाजणात पाय रुतवून उभी राहिले
की सगळे एकदम बिळांत जातात.
मी हलत नाही. शंभरपर्यंत मोजते, कधी दीडशे.
मग डोळ्यांच्या काड्या वर येतात
आणि चिखलभर नर
एकेक पांढरा डेंगा उचलून
ये ये करायला लागतात.
कुणाला? माद्यांना म्हणे.
शेजाऱ्याला तोच डेंगा दाखवला तर अर्थ : येऊ नको.
खूण एकच.

हे बारके खायचे नव्हेत, मी येते कुर्ल्यांसाठी.
पण सासू म्हणते, ह्येंका बघ,
पाणी कधी फिरतला ता ह्येंका आधी कळता.

त्यातला एक माझ्या ओळखीचा,
तिवराच्या वाकड्या मुळाशी राहणारा.
दिवाळीत मारामारीत सापडला,
नांगी टाकली आणि पळाला. खरोखरच टाकली,
दोन दिवस चिखलात पडलेली मी पाहिली.
आता नवी आलीय. जुनीपेक्षा लांब,
गुळगुळीत, दात नसलेली,
लग्नातल्या भाड्याच्या फेट्यासारखी.
एकदा मी बोट पुढे केलं.
त्याने चावा घेतला :
तान्हं मूल बोट धरतं, तेवढा.
शेजाऱ्यांना हे ठाऊक नाही.
ते लांबूनच लांबी बघतात आणि कडेकडेने निघून जातात.
वजन कोण करतो.

वर काजूच्या बागेत कोतवाल.
सातभायांच्या घोळक्यात राखणदार म्हणून फिरतो,
शिकरा आला की ओरडतो.
आणि शिकरा येतोही, दहातून आठ वेळा.
उरलेल्या दोन वेळा
कुणाच्या तरी चोचीत जाडजूड अळी असते.
सातभाई अळी टाकून करवंदीत घुसतात,
हा शेपटीच्या दोन दोऱ्या सावरत
सावकाश खाली उतरतो.
सासू म्हणाली, मेल्यान पेढी घालूक व्हयी होती.
मला मात्र त्या आठ वेळांचंच नवल वाटतं,
केवढं खरं बोलावं लागतं
दोन अळ्यांसाठी.

लवू मंगळूरच्या ट्रॉलरवर आहे.
बंदराला लागले की फोन करतो, चेहरा दिसेल असा.
मी बरो आसय, म्हणतो. ही बघ सुरमय.
हातभर सुरमई, शेपटीला धरलेली,
डाव्या हातात.
लवू उजखुरा आहे.
मागच्या वेळी मी म्हटलं, उजव्या हातान दाखय.
नेटवर्क जाता गो, म्हणाला,
आणि नेटवर्क गेलंच.

मी तरी काय.
फोन वाजला की पडवीतून उठून विहिरीवर जाते.
मागे नारळ दिसतात, धुणं दिसतं.
झापांच्या मांडवाखालची होडी दिसत नाही,
म्हणजे होडी नाही, हे दिसत नाही.
सासूच्या पोटाच्या ऑपरेशनला ती गेली, इंजिनासकट.
सासू पदर सारखा करून म्हणते, मी बरी आसय रे,
आणि कळ आली की फोन माझ्या हातात देते.
किनाऱ्यावर चिखली पक्षीण असंच करते.
आपण जवळ गेलो की उठते,
दहा पावलांवर रिकाम्या वाळूत
पोट सारखं करत, पिसं फुलवत
इतक्या मायेने बसते,
की खरी अंडी शिंपल्यांच्या चुऱ्यात
उघडी पडलेली असतात.

काल वाकड्या मुळाशी एक नवखा आला.
लांबी बघून गेला नाही.
दोघे डेंग्याला डेंगा लावून उभे.
मी टोपली खाली ठेवली.
ढकलाढकली नाही, काही नाही,
नुसता टेकवलेला डेंगा आणि काड्यांवरचे चार डोळे,
मग पाणी आलं आणि दोघेही
आपापल्या बिळावर चिखलाचं झाकण ओढून आत गेले.

रात्री मासे चिरता चिरता सासूने विचारलं,
ह्येच्या हाताक काय झाला, इचारलंस?
नाय, म्हटलं.
बरा केलंस, ती म्हणाली.
मगे तो इचारतलो, होडी खंय.